मागच्या दाराचा रविवार

१० जून १८९० रोजी मुंबईच्या गिरणीमालकांनी कामगारांना आठवड्यातून एक दिवस सुट्टी देण्याचे मान्य केले. त्यामागे सहा वर्षांची चिकाटी होती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये बॉम्बे मिल हँड्स असोसिएशनच्या वतीने फॅक्टरी कमिशनसाठी निवेदन तयार केले आणि त्यावर साडेपाच हजार कामगारांच्या सह्या घेतल्या. रविवारी सुट्टी हवी, दुपारी अर्धा तास विसावा हवा, पगार वेळेवर हवा, काम करताना अपघात झाला तर भरपाई हवी, अशा मागण्या त्यात होत्या. २४ एप्रिल १८९० च्या सभेला सुमारे दहा हजार कामगार जमले आणि दोन गिरणी कामगार स्त्रियाही तिथे बोलल्या. त्यानंतर दीड-दोन महिन्यांत सुट्टी पदरात पडली.

लोखंडे यांच्या आयुष्यातली एक गोष्ट फारशी सांगितली जात नाही. ‘दीनबंधू’ हे वृत्तपत्र हाती घेऊन महात्मा फुले यांच्या विचारांचा प्रसार करण्याआधी ते मांडवीच्या एका कापड गिरणीत स्टोअरकीपर होते. सामानाची आवकजावक लिहिणाऱ्या माणसाचा गिरणीतल्या सगळ्या खात्यांशी रोजचा संबंध येतो. कुठल्या खात्यात माणसे किती वेळ उभी असतात, कोणाला जेवायलाही सवड मिळत नाही, हे त्याला कोणी सांगावे लागत नाही. कामगारांचे हाल लोखंडे यांनी पाहिले ते याच नोकरीत. म्हणून यंदाच्या १० जूनला त्यांच्या आजच्या भाईबंदांविषयी, मोठ्या दुकानांच्या स्टोअररूममध्ये राबणाऱ्या माणसांविषयी, आम्ही लिहीत आहोत. लोखंडे यांनी मिळवून दिलेला रविवार या माणसांच्या हातून निसटला आहे आणि त्याची दखल कोणी घेतलेली नाही.

मोठ्या दुकानात आपण समोरच्या दाराने जातो. आत गारवा असतो, उजेड असतो, साबणापासून साखरेपर्यंत सगळे ओळीत मांडलेले असते. दुकानाला मागचेही एक दार असते. तिथे शटर असते, उतार असतो आणि पहाटे किंवा मध्यरात्री येऊन लागलेली मालाची गाडी असते. शहरातली वाहतूक आणि पार्किंग पाहून गाड्यांची वेळ ठरते, म्हणून स्टोअररूमचा दिवस पुष्कळदा रात्री सुरू होतो. गाडीच्या सीलचा नंबर कागदावरच्या नंबरशी ताडून पाहिला की सील तोडायचे आणि गाडी खाली करायला लागायचे. तेलाचे पंधरा किलोंचे डबे, डाळ-तांदळाची पोती, डिटर्जंटचे खोके, बिस्किटांचे हलके पण अडचणीचे गठ्ठे हातापायाने, ट्रॉलीने, पॅलेटने आत जातात. मागोमाग स्कॅनर घेतलेला मुलगा प्रत्येक नगाची नोंद करतो. एक खोका कमी भरला तर ‘शॉर्ट’ लिहायचे, एक फुटका निघाला तर ‘डॅमेज’ला टाकायचे. ही नोंद चुकली तर महिनाअखेरच्या मोजणीत तूट दिसते आणि तुटीचा पहिला संशय मागे काम करणाऱ्यांवर जातो. घरी निघताना अंगाची आणि डब्याच्या पिशवीची झडती होते, ती रोज आणि प्रत्येकाची.

नुसते उचलून ठेवण्याचे हे काम नाही. नवा माल आला की जुना पुढे ओढून नवा मागे लावायचा असतो. कारण आधी मुदत संपणारा माल आधी विकला गेला पाहिजे. दह्याच्या कपापासून मॅगीच्या पाकिटापर्यंत प्रत्येकाची तारीख वेगळी, प्रत्येकाची थप्पी वेगळी. किती थर चढवले तर खालचा खोका दबेल, कुठली थप्पी भिंतीला टेकवली तर ओल धरेल, कुठल्या मालाला फिनाइलशेजारी ठेवले की वास लागतो, हे जुन्या माणसाला न बघता कळते. पुढे कुठल्या रांगेत काय संपत आले आहे, हे मशीन सांगतेच. पण शनिवारी सकाळी पोह्यांचा खप वाढणार आणि श्रावण लागताच साबुदाणा-शेंगदाण्याला मागणी येणार, हे त्याला मशीनच्या आधी माहीत असते. काही दुकानांत याच मागच्या खोलीत बायका धान्य निवडतात, वजन करतात, पिशव्या सीलबंद करतात. तुरीच्या डाळीची बारीक पूड त्यांच्या केसांवर, पापण्यांवर बसलेली असते. ग्राहकाच्या हातात जाणारी स्वच्छ पारदर्शक पिशवी त्यांच्या हातून आलेली असते. या कामाला सरकारी कागदोपत्री ‘अकुशल’ म्हणतात. आम्हाला ते मान्य नाही.

२२ सप्टेंबर २०२५ रोजी जीएसटीचे दर बदलले. त्या दिवशी घटस्थापना होती. साबण, शॅम्पू, बिस्किटे स्वस्त झाल्याच्या बातम्या आपण वाचल्या. बिलाच्या संगणकात दर बदलता येतात, पण फळीवरची कागदी किंमतपट्टी आपोआप बदलत नाही. ती माणसालाच काढून लावावी लागते. मोठ्या दुकानात अशा हजारो पट्ट्या असतात. धोरण दिल्लीत ठरते आणि ते अमलात येते अशा वाकलेल्या पाठींवर, तेही नेमके सणाच्या दिवशी.

सुट्टी निसटली कशी, हे समजून घ्यायला थोडे मागे जावे लागेल. गिरणी कामगारांनी मिळवलेली सुट्टी पुढे दुकानांपर्यंत पोचली. १९४२ चा साप्ताहिक सुट्टीचा कायदा आला, १९४८ चा मुंबई दुकाने व आस्थापना कायदा आला. या कायद्यांची रीत सरळ होती: आठवड्यातून एक दिवस दुकानच बंद राहील. दादरचा बाजार सोमवारी बंद, हे मुंबईकराला पाठ असायचे. मालक, दिवाणजी, मोजमाप करणारा, पोती उचलणारा असे सगळे त्या दिवशी घरी असत. कुलपाला साक्षीदाराची गरज नसते. दुकान बंद आहे की उघडे, हे रस्त्यावरून जाणाऱ्यालाही दिसे, आणि कोणा एकाची सुट्टी गुपचूप कापून घेणे अवघड होते.

२०१७ च्या महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायद्याने ही रीत बदलली. दुकान वर्षाचे ३६५ दिवस उघडे ठेवायला मुभा मिळाली आणि सुट्टी दुकानाकडून काढून एकेका कामगाराच्या नावावर आली. कागदावर कामगाराचे काही गेले नाही. आठवड्यातून एक दिवस सुट्टी आहे, त्या दिवशी बोलावले तर दोन महिन्यांच्या आत बदली रजा आहे, जादा कामाला दुप्पट दर आहे, वर्षाला आठ पगारी सणसुट्ट्या आहेत. ऑक्टोबर २०२५ मध्ये शासनाने दुकाने चोवीस तास उघडी ठेवण्याबाबत खुलासा केला, तेव्हाही प्रत्येक कामगाराला आठवड्यातून सलग चोवीस तास विश्रांती मिळालीच पाहिजे, हे स्पष्ट केले. कायद्याचा हेतू वाईट नाही. पण सुट्टी सगळ्यांची मिळून एक होती, ती ज्याची त्याची वेगळी झाली, आणि एकट्याची सुट्टी कापायला एक फोन पुरतो. आज गाडी मोठी आहे, उद्याचा ऑफ पुढच्या आठवड्यात घे, एवढे म्हटले की ती गेली. बदली रजेचे दोन महिने कोण मोजणार?

उपनगरातल्या एका मोठ्या दुकानाच्या स्टोअररूममध्ये काम करणाऱ्या गृहस्थांशी आमचे बोलणे झाले. त्यांचे वडील गिरणीत होते. त्यांचा स्वतःचा ऑफ बुधवारी असतो. मुलीची शाळा बुधवारी भरते, बायको घरकामाला जाते ती बुधवारीही जाते. त्यामुळे सुट्टीच्या दिवशी घरात ते एकटे असतात. झोपतात, कपडे वाळत घालतात आणि संध्याकाळी मुलगी आली की तिच्या अभ्यासाजवळ बसतात. रविवारी ती घरी असते तेव्हा हे मालाच्या थप्प्यांत असतात. गावाकडची लग्नं, साखरपुडे, वर्षश्राद्धं सगळी रविवार बघून ठरतात, आणि आता नातेवाइकांनी त्यांना आमंत्रणाचा आग्रह करणेही सोडले आहे. जेजुरीला रविवारी जायचे, हा त्यांच्या घरातला वडिलांच्या वेळचा नेम होता, तोही मोडला. त्यांनी हे तक्रारीच्या सुरात सांगितले नाही. पगार वेळेवर होतो, काम बरे आहे, असेच ते म्हणत होते. फक्त पुढच्या आठवड्यात कुठल्या दिवशी ऑफ आहे ते शनिवारी रात्री कळते, तेवढे आधी कळले तर बरे होईल, असे त्यांचे म्हणणे होते.

इतकी लहान मागणी ऐकून आम्हाला वाईट वाटले. लोखंडे यांच्या पिढीने रविवार मागितला होता. चार पिढ्यांनंतर त्याच शहरातला कामगार आपली सुट्टी कोणत्या वारी आहे एवढे आधी कळवा, असे मागतो आहे.

सणसुट्ट्यांचे तर विचारूच नका. कायद्याने २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या पगारी सुट्ट्या आहेत. २००६ च्या २६ जानेवारीला बिग बझारने ‘सबसे सस्ता दिन’ सुरू केला आणि दुकानांबाहेर रांगा लागल्या. तेव्हापासून राष्ट्रीय सणाची सुट्टी म्हणजे खरेदीचा दिवस, हे देशभरातल्या दुकानदारीचे सूत्र झाले. ज्या दिवशी आपण झेंडावंदन करून सहकुटुंब खरेदीला निघतो, त्याच्या आधीची पूर्ण रात्र मागच्या खोलीत कोणीतरी खोके फोडत असते. त्या दिवशी काम केले तर दुप्पट पगार आणि बदली सुट्टी असे दोन्ही मिळाले पाहिजे. ठेकेदारामार्फत आलेल्या किती मुलांना ते मिळते, याची तपासणी कामगार खात्याने एकदा एखाद्या २७ जानेवारीला करावी.

यावर एक उत्तर येते आणि ते आम्ही हलके मानत नाही. आठवडाभर कामाला जाणाऱ्या नवरा-बायकोंना वाणसामान भरायला रविवारच मिळतो. त्यांचाही रविवार कष्टाने मिळवलेला आहे. दुकान त्या दिवशी बंद ठेवले तर त्यांची गैरसोय होईल आणि दुकानात काम करणाऱ्यांच्या नोकऱ्याही कमी होतील. हे खरे आहे, आणि म्हणून सगळी दुकाने रविवारी बंद करा असे आम्ही म्हणत नाही. जर्मनीत तसे आहे. तिथे रविवारच्या विश्रांतीला राज्यघटनेचे संरक्षण आहे आणि डिसेंबर २००९ मध्ये तिथल्या घटना न्यायालयाने नाताळाआधीचे चारही रविवार दुकाने उघडी ठेवण्याची बर्लिनची मुभा रद्द केली. एवढी मोठी औद्योगिक अर्थव्यवस्था रविवारी दुकाने मिटून चालते, हे ‘अशक्य’ म्हणणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे. आपल्याकडची गर्दी, घरांचे आकार, रोजची कमाई पाहता तो मार्ग जसाच्या तसा लागू पडेल असे मात्र वाटत नाही. आपल्या उपयोगाचा धडा सॅन फ्रान्सिस्कोचा आहे. तिथे २०१४ मध्ये साखळी दुकानांसाठी नियम झाला: कामाचे वेळापत्रक दोन आठवडे आधी कामगाराच्या हातात पडले पाहिजे, आणि ऐन वेळी बदलले तर त्याचा मोबदला दिला पाहिजे. दुकान बंद होत नाही, ग्राहकाचा रविवार जात नाही आणि कामगाराला आपला दिवस आधी कळतो.

मोठ्या दुकानांना हे अवघड नाही. कुठल्या आठवड्यात किती पोती साखर लागेल याचा अंदाज ही दुकाने कित्येक आठवडे आधी बांधतात. त्याच संगणकात माणसांच्या सुट्ट्याही बसतील. बसवायच्या आहेत का, एवढाच प्रश्न आहे.

विश्रांतीचा प्रश्न घड्याळाचा आहे तसा शरीराचाही आहे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९६७ मध्ये प्रौढ पुरुषाने उचलायच्या वजनाची कमाल मर्यादा ५५ किलो सुचवली. अमेरिकेतल्या व्यावसायिक आरोग्य संस्थेचे १९९१ चे गणित आणखी कडक आहे. वजन अंगाशी, कमरेच्या आसपास, चांगली पकड असलेले आणि थोडाच वेळ उचलायचे असेल, तरच २३ किलोंपर्यंत ते सुरक्षित मानले जाते. स्टोअररूममध्ये यातली एकही अट रोज पाळली जात नाही. तीस किलोंचे पोते जमिनीवरून उचलायचे असते, वळून थप्पीवर टाकायचे असते आणि वरची फळी डोक्याच्याही वर असते. कंबर एका दिवसात जात नाही. ती वर्षावर्षाने जाते आणि चाळिशीत माणूस या कामातून बाद होतो. तो बाद झाल्याची नोंद कुठल्याही अपघात वहीत नसते. अशा शरीराला आठवड्यातला एक अखंड दिवस औषधासारखा लागतो. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने दुकानांतील कामाचा दिवस नऊ तासांवरून दहा तासांवर नेण्यास मंजुरी दिली. आमचा या निर्णयाला विरोध आहे. आठवड्याचे तास तेवढेच राहतील, असे सांगितले जाते. संगणकासमोर बसणाऱ्याला दहावा तास कदाचित झेपेल. पोती उचलणाऱ्याच्या मणक्याला नववाच जड जातो, आणि परतीच्या लोकलचा दीड तास कोणत्याच कायद्यात धरलेला नाही.

केरळने एक साधी गोष्ट करून दाखवली आहे. कोझिकोडच्या मिठाई तेरू बाजारातल्या कापड दुकानांतल्या बायकांनी बसण्याच्या हक्कासाठी लढा दिला, कारण बारा-बारा तास उभे राहायचे आणि गिऱ्हाईक नसतानाही टेकायचे नाही, असा दंडक होता. २०१८ मध्ये केरळने कायदा बदलून दुकानात बसायची सोय सक्तीची केली. २०२१ मध्ये तमिळनाडूने तेच केले. महाराष्ट्राने ते का करू नये? धान्य निवडणाऱ्या बाईला पाठ टेकेल अशी खुर्ची आणि पुरुषांना दोन गाड्यांच्या मधल्या वेळात बसायला एक बाकडे, याला किती खर्च येतो?

या सगळ्याच्या मुळाशी एक अडचण आहे. मागच्या दारातली पुष्कळ माणसे दुकानाची नोकर नसतातच. कोणी ठेकेदाराचा, कोणी माल पाठवणाऱ्या कंपनीचा, कोणी गाडीबरोबर आलेला. एकाच थप्पीला हात लावणाऱ्या चौघांचे मालक चार. सुट्टी कोणाकडे मागायची, हेच कळत नाही. महाराष्ट्राला हा प्रश्न नवा नाही. अण्णासाहेब पाटील यांच्या चळवळीतून १९६९ मध्ये माथाडी कायदा आला तो याच पेचातून. मालक रोज बदलतो, ओझे मात्र रोजचेच असते, म्हणून नोंदणी माथाडी मंडळात करायची, मजुरी मंडळातून द्यायची, भविष्यनिर्वाह निधी आणि रजेचा पैसा मंडळाने सांभाळायचा, अशी त्याची रचना होती. पुण्यात बाबा आढाव यांनी हमाल पंचायतीतून हमालांना संघटित करून दाखवले. या कायद्याच्या आडून खंडणी मागणाऱ्या टोळ्याही निपजल्या, हे नाकारून चालणार नाही. त्यांच्यावर कठोर कारवाई व्हायलाच हवी. पण टोळ्यांचे निमित्त पुढे करून खऱ्या कष्टकऱ्याला मंडळाबाहेर ठेवायचे, हा न्याय नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार श्रमसंहिता लागू झाल्या असून प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र देणे त्यांनी बंधनकारक केले आहे. त्या पत्रावर साप्ताहिक सुट्टीचा वार लिहिण्याची सक्ती राज्याने आपल्या नियमांतून केली, तर मागच्या दारातल्या माणसाच्या हाती पहिल्यांदाच दाखवता येईल असा कागद येईल.

जानेवारी १९८२ मध्ये सुरू झालेल्या संपानंतर गिरण्या एकेक करून थंडावल्या आणि लोअर परळच्या फिनिक्स गिरणीच्या आवारात मॉल उभा राहिला. गिरणगावातल्या कित्येक घरांतली पुढची पिढी अशाच मॉलमध्ये, सुपरमार्केटांत, गोदामांत कामाला लागली. काम बदलले त्याचे दुःख करण्यात अर्थ नाही. कापसाच्या तंतूंनी भरलेल्या हवेपेक्षा आजची हवा बरी आहे. पण वडिलांना मिळालेला हक्क मुलाला मिळू नये, याला कोणतेही आर्थिक कारण पुरेसे नाही.

आमचे म्हणणे थोडक्यात मांडता येण्यासारखे आहे. स्टोअररूमच्या दारावर सुट्ट्यांचे वेळापत्रक दोन आठवडे आधी लागले पाहिजे आणि त्यात ठेकेदाराच्या माणसांचीही नावे हवीत. प्रत्येकाला महिन्यातून किमान एक रविवार पाळीपाळीने मिळाला पाहिजे. ठरलेला ऑफ कापला तर दुप्पट पगार त्याच महिन्याच्या पगारात दिसला पाहिजे. यातल्या पहिल्या दोन गोष्टी सरकारवाचूनही होतील. कुठल्याही साखळी दुकानाचा व्यवस्थापक त्या उद्यापासून करू शकतो. ग्राहक संघटनांनीही यात पडावे. दुकानात भाव, वजन आणि मुदतीच्या तारखा पाहणारा सुजाण ग्राहक व्यवस्थापकाला, स्टोअररूमच्या सुट्ट्यांचे वेळापत्रक लागले आहे का, हा एक प्रश्न विचारू शकतो, आणि गिऱ्हाइकाच्या प्रश्नाला दुकान जितके वचकते तितके निरीक्षकालाही वचकत नाही.

जून उजाडला की मोठ्या दुकानांत गणपतीच्या मालाची आखणी सुरू होते. मोदकाचे पीठ, तूप, गूळ, अगरबत्ती, सजावटीचे सामान किती लागेल, कुठल्या रात्री कोणती गाडी येईल, हे आकडे येत्या काही आठवड्यांत भरले जातील. त्याच तक्त्यात एक रकाना वाढवून, गौरी जेवायच्या दिवशी स्टोअररूममधल्या कोणी घरी जायचे आणि विसर्जनाच्या दिवशी कोणी, हे याच महिन्यात लिहून टाकावे आणि त्याची एक प्रत प्रत्येकाच्या हाती द्यावी.